दवाखान्याच्या दारात आधी कोण?

वाचकहो, आषाढ-श्रावणाचे दिवस डोळ्यांसमोर आणा. देवरीच्या आसपास धानाची रोवणी ऐन भरात आली आहे. बांध्या पाण्याने काठोकाठ भरल्या आहेत. बाया ओणव्या होऊन रोवताहेत, गडी पऱ्ह्यांच्या जुड्या पोचवताहेत. दिवस मावळायला आला म्हणून सगळे धुऱ्याने घराकडे निघाले. समजा, अशा वेळी तुमच्या घरच्या वहिनीच्या घोट्यापाशी काहीतरी डसले. गवतात सळसळ झाली, लांबट काही दिसले आणि दिसेनासे झाले.

आता घड्याळाकडे पाहा. डसले तेव्हा साडेपाच वाजले होते. वहिनी चालतच घरी आली, तोवर सहा झाले. कुणी पायाला दोरी करकचून बांधली, कुणी पात्याने चिरा दिला, कुणी कडुलिंबाचा पाला चघळायला देऊन कडू लागतो का ते पाहिले. त्यात पाऊण तास गेला. शेजारच्या गावच्या जाणत्याला आणायला माणूस धावला. तो येऊन मंत्र घालीपर्यंत आठ वाजले. पाय गुडघ्यापर्यंत सुजला, हिरड्यांतून रक्त दिसू लागले, तेव्हा कुठे गाडीची शोधाशोध सुरू झाली. देवरीच्या ग्रामीण रुग्णालयासमोर गाडी उभी राहिली, त्या वेळी रात्रीचे नऊ वाजले होते.

आत डॉक्टर दुसऱ्या एका रुग्णापाशी होते. सिस्टरने विचारपूस केली, केसपेपर झाला, रक्त काढून नळीत ठेवले गेले. यात अर्धा तास गेला आणि बाहेर नातेवाइकांचा आवाज चढला, “इकडे बाई मरायला टेकली आणि तुम्ही नुसते बघत बसलात!”

राग समजण्यासारखा आहे. पण हिशेब मांडून पाहा. दवाखान्याच्या दाराबाहेर साडेतीन तास गेले आणि दाराच्या आत अर्धा तास. आपला सगळा राग मात्र त्या शेवटच्या अर्ध्या तासावर निघाला. तो अर्धा तासही वाया जाता कामा नये, हे शंभर टक्के खरे. त्याविषयी आपण पुढे बोलूच. तथापि रुग्णाची वाट दवाखान्याच्या दारापासून सुरू होत नाही, ती धुऱ्यापासून सुरू होते. त्या सबंध वाटेवर वेळ कुठे सांडतो आणि तो कसा वाचवावा, हे आज आपण पाहू.

ही रांग वेगळी आहे

धान खरेदी केंद्रावर आपण रांग लावतो. जो आधी आला त्याचे माप आधी. रेशनच्या दुकानातही तोच नियम, आणि तो न्यायाचा आहे. मधेच कुणी घुसला तर आपण त्याला हटकतो. पण अपघात विभागात, म्हणजे ज्याला आपण कॅज्युअल्टी म्हणतो तिथे, हा नियम लावला तर माणसे मरतील. तिथला नियम असा की ज्याच्या जिवाला धोका जास्त, तो आधी.

ही रीत दोनशे वर्षांपूर्वी रणांगणावर रूढ झाली. फ्रान्सच्या नेपोलियनच्या सैन्यात लारे नावाचा शल्यवैद्य होता. जखमी सैनिक साधा शिपाई आहे की मोठा अधिकारी, हे न पाहता ज्याची जखम अधिक गंभीर त्याला आधी हात लावायचा, असा शिरस्ता त्याने घातला. घरची माउली सुपात तांदूळ घेऊन खडे वेगळे काढते, तशीच ही निवड आहे. आज जगभरच्या मोठ्या रुग्णालयांत ती चालते. दिल्लीच्या एम्समध्ये रुग्णांचे लाल, पिवळा आणि हिरवा असे तीन गट करतात.

लाल म्हणजे या क्षणी हात लावला नाही तर जीव जाईल असा. श्वास अडकलेला, बेशुद्ध पडलेला, भळाभळा रक्त वाहणारा, झटके येणारा, छातीत कळ येऊन घामाने डबडबलेला. पिवळा म्हणजे आजार मोठा, पण थोडा वेळ नजरेखाली थांबवता येईल असा. उदाहरणार्थ, हाड मोडले आहे पण नाडी व रक्तदाब ठीक आहे. हिरवा म्हणजे किरकोळ जखम, साधा ताप, जुनी कंबरदुखी.

ही निवड करायला सिस्टरला फार वेळ लागत नाही. ती श्वास मोजते, नाडी पाहते, रक्तदाब घेते, बोटाला चिमट्यासारखे यंत्र लावून रक्तातला प्राणवायू पाहते आणि रुग्ण शुद्धीवर आहे का याची खात्री करते. आपल्याला वाटते, ही नुसती विचारपूस. खरे तर उपचाराची ती पहिली पायरी असते.

इथे एक गोष्ट गाठीला बांधून ठेवावी. जो मोठ्याने ओरडतो तो नेहमीच सर्वांत अत्यवस्थ नसतो. ओरडायला छातीत वारा लागतो, आणि ज्याच्या छातीत वारा आहे त्याला थोडी सवड आहे. कोपऱ्यात गप्प पडून राहिलेला, डोळे न उघडणारा, घामाने गार पडलेला माणूस अधिक धोक्यात असू शकतो. म्हणून तुमच्या मागून आलेल्याला आधी आत नेले, तर त्याचा वशिला लागला असे लगेच समजू नका. मात्र थांबलेले असताना तुमच्या रुग्णाची तब्येत बिघडली, त्याचा श्वास वाढला, पापण्या जड झाल्या, बोलणे तोतरे झाले, तर स्वस्थ बसू नका. सिस्टरला जाऊन सांगा, “बाई, आता यांना जास्त वाटतंय, पुन्हा एकदा बघा.” पिवळ्याचा लाल व्हायला वेळ लागत नाही, आणि ते सांगणे हा तुमचा हक्क आहे.

बांधीतले पाणी आणि दवाखान्यातली गर्दी

मोठ्या दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत पाऊल ठेवायला जागा नसते, हे आपण पाहिले आहे. एका खाटेवर दोघे, काही जमिनीवर, काही स्ट्रेचरवरच. असे का होते? किरकोळ रुग्ण फार येतात म्हणून, असे बहुतेकांना वाटते. त्यात तथ्य आहे, पण खरे कारण पुष्कळदा दुसरेच असते.

तुम्ही धानकरी आहात, तुम्हाला हे लवकर कळेल. वरच्या बांधीत पाणी तुंबले तर तुम्ही काय करता? नुसते वरून येणारे पाणी अडवीत बसत नाही. खालच्या धुऱ्याचे तोंड बुजले आहे का, ते आधी पाहता. दवाखान्याचेही तसेच आहे. कॅज्युअल्टीत तपासून झालेल्या रुग्णाला वॉर्डात खाट हवी असते. वॉर्डातली खाट रिकामी नसेल तर तो कॅज्युअल्टीतच पडून राहतो. त्याची जागा अडते, त्याच्यामागे सिस्टरचा वेळ जातो, आणि बाहेर स्ट्रेचरवर आलेल्या नव्या रुग्णाला आत घ्यायला जागा उरत नाही. म्हणजे तुंबारा दारात दिसतो, पण तोंड बुजलेले असते शेवटच्या वॉर्डात.

हे दुखणे फक्त आपलेच नाही. इंग्लंडसारख्या श्रीमंत देशानेही २००४ साली असा दंडक घातला की अपघात विभागात आलेल्या रुग्णाचा चार तासांत निकाल लागला पाहिजे. त्याला घरी तरी पाठवावे, भरती तरी करावे किंवा दुसरीकडे तरी हलवावे. तो दंडक पाळायचा तर नुसत्या अपघात विभागाने धावपळ करून भागत नाही, सबंध रुग्णालयाला हलावे लागते, हे तेव्हा त्यांच्या लक्षात आले. अलीकडच्या वर्षांत त्यांनाही तो दंडक पाळणे जड गेले आहे.

आपल्याकडे ही गर्दी किती महागात पडते, याची आठवण ताजी आहे. २०२३ साली ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर या २४ तासांत नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बाळे होती. औषधे आणि मनुष्यबळ यांविषयी तेव्हा पुष्कळ चर्चा झाली, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. अनेक रुग्ण दूरदूरहून, शेवटच्या घटकेला आणलेले होते, असे रुग्णालयाकडून सांगण्यात आले. जबाबदारी शासनाची आहे, ती कुणी टाळू शकत नाही. पण वाटेतला प्रत्येक दवाखाना ओलांडून सगळे रुग्ण एकाच दारात आणि तेही उशिरा पोचले, तर त्या दाराचे काय होते, हेही यातून दिसते.

यात आपल्या हातात दोन गोष्टी आहेत. पहिली, महिनाभराचे अंगदुखणे किंवा जुनी खाज दाखवायला रात्री दहाला कॅज्युअल्टीत जाऊ नये. त्यासाठी सकाळची ओपीडी आहे, उपकेंद्र आहे, प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. दुसरी, डॉक्टरांनी सुट्टी दिली की त्याच दिवशी, होता होईतो दुपारच्या आत रुग्णाला घरी न्यावे. “आज अमावस्या आहे, परवा नेऊ” असे म्हणून अडवलेली खाट कुणाच्या तरी लेकराची असते. ग्रामीण रुग्णालय साधारण ३० खाटांचे. तिथे दोन खाटा अडल्या तरी मोठा फरक पडतो.

नळीतले रक्त आणि ती वीस मिनिटे

आता पुन्हा वहिनीकडे वळू. सापाच्या दंशाचा विषय आपल्या भागात थट्टेचा नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने गेली, असा संशोधकांचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत होतात, आणि ती बहुतेक माणसे खेड्यांतली, शेतात राबणारी.

महाराष्ट्रात मुख्यतः चार विषारी साप माणसाचा घात करतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. घोणस आणि फुरसे यांचे विष रक्तावर जाते. रक्त गोठेनासे होते, हिरड्यांतून, लघवीतून रक्त येते. नाग आणि मण्यार यांचे विष मज्जांवर जाते. पापण्या मिटतात, गिळता येत नाही, शेवटी श्वास थांबतो. मण्यार तर रात्री जमिनीवर झोपलेल्याला डसते. दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. पहाटे पोट दुखते, ओकारी होते, आणि घरचे म्हणतात रात्रीचे जेवण बाधले. म्हणून पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठला आणि त्याच्या पापण्या जड वाटल्या, तर ओवा देत बसू नका. दवाखान्यात न्या आणि “हा खाली झोपला होता” हे आवर्जून सांगा. एवढ्या एका वाक्याने निदानाचा वेळ वाचतो. मच्छरदाणी गादीखाली नीट खोवून झोपले, तर हा धोका पुष्कळ टळतो.

वहिनीचे रक्त काढून नळीत ठेवले आणि कुणी काही करीना, असे नातेवाइकांना वाटले. त्या नळीत काय चालले होते? स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन ते न हलवता वीस मिनिटे ठेवतात. मग नळी कलती करून पाहतात. रक्त गोठले असेल तर विष अजून रक्तात भिनलेले नाही. पातळच राहिले असेल तर भिनले आहे, लस द्यायलाच हवी. यंत्र नको, वीज नको, नळी आणि घड्याळ पुरे. सापाच्या विषावरची लस पाण्यासारखी कुणालाही टोचायची नसते. तिचे रिअ‍ॅक्शन येऊ शकते, म्हणून ती डॉक्टरांच्या नजरेखालीच, रिअ‍ॅक्शनवरचे इंजेक्शन हाताशी ठेवून द्यावी लागते. म्हणून ती वीस मिनिटे वाया गेलेली नसतात. मात्र हिरड्यांतून रक्त येणे किंवा पापण्या पडणे अशी लक्षणे उघड दिसत असली, तर डॉक्टर नळीची वाट पाहत नाहीत.

लस सुरुवातीला साधारण ८ ते १० कुप्या सलाईनमधून देतात. लहान मुलालाही तेवढीच, कारण सापाने विष मूल पाहून कमी सोडलेले नसते. आणि काहीच लक्षण दिसले नाही तरी २४ तास दवाखान्यात थांबवून घेतात. “काही झालं नाही ना, मग सोडा” म्हणून भांडू नका. विष उशिराही चढते.

धुऱ्यापासून दारापर्यंत

आता वाट कशी आखायची ते पाहू. ही कामे घरातल्या शाळकरी पोरालाही सांगून ठेवण्यासारखी आहेत.

१) रुग्णाला चालवू नका. धीर द्या. डसलेला हात किंवा पाय बांबूच्या कामटीला किंवा छत्रीच्या दांड्याला लुगड्याच्या पट्टीने सैलसर बांधून स्थिर ठेवा. मोडलेल्या हाडाला बांधतात तसे.

२) अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण लगेच काढा. सूज आल्यावर ते मांसात रुततात.

३) दोरी करकचून बांधू नका, चिरा देऊ नका, तोंडाने रक्त ओढू नका, पाला-तूप-दूध काही पाजू नका. आधीच कुणी घट्ट दोरी बांधली असेल तर ती घरी एकदम सोडू नका, डॉक्टरांच्या समोर सोडू द्या.

४) साप मारायला किंवा पकडायला जाऊ नका. तो दुसऱ्यालाही डसेल आणि वेळ जाईल तो वेगळाच. दुरून मोबाइलवर सहज फोटो निघाला तर ठीक.

५) १०८ ला फोन लावा. राज्यात ही सेवा २०१४ साली ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. गाडीत डॉक्टर असतो आणि पैसे पडत नाहीत. बाळंतिणीसाठी आणि तान्ह्या बाळासाठी १०२ आहे. गाडीला वेळ लागणार असे कळले तर हातावर हात ठेवून बसू नका. मिळेल त्या गाडीने निघा आणि कुठल्या रस्त्याने येतो ते १०८ ला सांगा. फक्त मोटारसायकलच असेल तर रुग्णाला दोघांच्या मध्ये बसवून, मागच्याने घट्ट धरून न्या. काही जंगलपट्टीतल्या गावांत मोबाइलची रेंज नसते. तिथे रेंज कुठे मिळते ती जागा सगळ्यांना ठाऊक असावी.

६) डसल्याची वेळ लिहून घ्या. त्यानंतर काय काय झाले, कोणते औषध दिले, तेही सांगा. घरगुती उपाय केला असेल तर लपवू नका.

आणि जाणत्याचे काय? आपल्याकडे पुजाऱ्यावर, जाणत्यावर लोकांचा विश्वास आहे, आणि तो एका दिवसात जाणार नाही. तेव्हा वाद घालत बसू नका. त्यालाही गाडीत घ्या. मंत्र गाडीतही म्हणता येतो, लस मात्र दवाखान्यातच मिळते. जो जाणता “आधी दवाखान्यात चला” म्हणतो, त्याने गावावर मोठे उपकार केले असे समजावे.

फवारणीच्या औषधाची बाधा झाली तरी हीच रीत. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर गेले, हे आपण विसरलो नाही. अशा वेळी अंगावरचे भिजलेले कपडे काढा, अंग साबण-पाण्याने धुवा आणि औषधाची बाटली किंवा तिच्यावरची चिठ्ठी सोबत न्या. विष कोणते हे डॉक्टरांना दारातच कळले, तर उपचार लगेच सुरू होतो.

पुढे पाठवताना

देवरीचा रुग्ण जास्त झाला तर त्याला गोंदियाला, आणि तिथून वेळप्रसंगी साकोली-भंडाऱ्यावरून नागपूरला मेडिकलमध्ये पाठवतात. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे. परंतु सर्पदंशात जवळचा दवाखाना ओलांडून थेट मोठ्या गावाला पळणे हे घातक ठरते. लसीचा पहिला डोस जवळच्या जवळ पडला, श्वासाची सोय झाली, आणि मग गाडी पुढे निघाली, तर रुग्ण वाटेत दगावण्याची भीती कमी होते.

पुढे निघताना तीन गोष्टी मागून घ्या. चिठ्ठी, जीत डसल्याची वेळ, दिलेली औषधे आणि त्यांची वेळ लिहिलेली असेल. पुढच्या दवाखान्याला फोन, म्हणजे ते खाट आणि माणूस तयार ठेवतील. आणि सोबत रुग्णवाहिका. ही तीन नसली तर पुढच्या दारात सगळे अथपासून सुरू होते.

कुणी दारातून परत लावू लागले तर कायदा तुमच्या बाजूचा आहे, हे ध्यानात ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट सांगितले की डॉक्टर सरकारी असो वा खासगी, त्याने जीव वाचवायचे काम आधी करायचे, पोलिसांचे कागद मागाहून. १९९२ साली पश्चिम बंगालमधल्या शेतमजुरांच्या संघटनेचा एक माणूस धावत्या गाडीतून पडला. डोक्याला मार लागलेल्या अवस्थेत त्याला एकामागून एक सरकारी रुग्णालयांत फिरवले आणि जागा नाही, सोय नाही म्हणून कुठेच घेतले नाही. शेवटी खासगी रुग्णालयात पदरचे पैसे मोडावे लागले. त्याच्या संघटनेने दाद मागितली. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला २५ हजार रुपये भरपाई देवविली आणि सांगितले की वेळेवर उपचार देणे हे शासनाचे घटनात्मक कर्तव्य आहे, पैशाची तोटके आहे हे कारण चालणार नाही. कुठल्या रुग्णालयात खाट रिकामी आहे हे कळण्याची व्यवस्था हवी, असेही न्यायालयाने म्हटले. एका शेतमजुराच्या संघटनेने देशाला दिलेला हा निकाल आहे.

देवरी हमरस्त्यावर आहे, अपघात डोळ्यांदेखत होतात. जखमीला उचलून नेणाऱ्याला पोलीस वा रुग्णालय अडकवून ठेवू शकत नाही, असे संरक्षण मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आले आहे. तेव्हा भीतीने पाय मागे घेऊ नका.

गावाने काय करावे?

एवढे सगळे ऐन वेळी आठवत नाही. म्हणून ते आधी करून ठेवावे. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत १०८, १०२, प्राथमिक आरोग्य केंद्राचा आणि ग्रामीण रुग्णालयाचा नंबर रंगवून घ्या. रात्री गाडी काढू शकतील अशा चार गाडीवाल्यांची यादी आशाताईंकडे द्या. रोवणीच्या आधी एकदा ग्रामसभेत हा विषय घ्या. घरोघरी एका पिशवीत जुने केसपेपर, आधार कार्ड, रेशन कार्ड आणि चालू गोळ्यांची पाकिटे एकत्र ठेवा. दवाखान्यात एका रुग्णामागे एक-दोन माणसे पुरेत. वीस माणसे आत घुसली की सिस्टरला खाटेपाशी जाता येत नाही. पैशाची चिंता करून उशीर करू नका. आरोग्य विभागाच्या प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंतच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचेही पैसे माफ केले आहेत.

आणि दवाखान्याकडे काय मागावे? सरकारी रुग्णालयांना रुग्ण कल्याण समिती असते. तिच्या बैठकीत आपल्या भागातल्या माणसांनी विचारावे. सर्पदंशाच्या लसीचा साठा पावसाळ्याआधी पुरेसा भरला आहे का? रात्री डॉक्टर नेमाने असतात का, रिकाम्या जागा कधी भरणार? अत्यवस्थ रुग्ण आला तर केसपेपरच्या खिडकीवर न थांबवता तो आधी आत जातो आणि कागद मागून होतो, अशी रीत आहे का? दारात आलेल्याला पहिल्या पाच मिनिटांत कुणीतरी पाहते का? थांबलेल्या नातेवाइकांना काय चालले आहे ते कुणी सांगते का? हे प्रश्न रात्री कॉलर धरून विचारायचे नाहीत. दिवसा, बैठकीत, कागदावर विचारायचे, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहायचे. डॉक्टर-सिस्टरवर हात उगारला तर उद्या त्या खुर्चीत बसायला कुणी येणार नाही आणि नुकसान आपलेच होईल.

आता तोच हिशेब पुन्हा मांडू. साडेपाचला डसले. वहिनीला धुऱ्यावरच बसवले, पैंजण-जोडवी काढली, पायाला कामटी बांधली. पावणेसहाला फोन गेला, भिंतीवरच्या यादीतली गाडी सहाला निघाली. दवाखान्याला आधीच कळले होते. पावणेसातला गाडी दारात, वहिनी थेट आत, कागद मागाहून. वीस मिनिटांनी नळी कलती केली, रक्त पातळच होते. सव्वासात वाजता लस सुरू झाली.

साप तोच, गाव तेच, रस्ता तोच, दवाखानाही तोच. फरक पडला तो दोन तासांहून अधिक वेळाचा. घोणसीच्या विषाला तेवढा वेळ मिळाला तर रक्त बिघडते, मूत्रपिंडे निकामी होतात. तो वेळ आपण विषाला द्यायचा की डॉक्टरांना, हे पुष्कळसे आपल्याच हातात आहे. यंदाची रोवणी सुरू होण्याआधी घरातल्या सगळ्यांना एकदा बसवून हा लेख वाचून दाखवा, आणि उद्याच ग्रामपंचायतीच्या भिंतीसाठी रंगाचा डबा आणा.